जाळी खाली आली का? स्टॉक कार अपघात आणि सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅस्कार ही अमेरिकेत स्टॉक कारच्या, म्हणजे दिसायला साध्या गाडीसारख्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था. तिची डेटोना ट्रॅकवरची डेटोना ५०० शर्यत भारतात साधारण रविवारी मध्यरात्र उलटून एक वाजता सुरू होते. पहाटे शेवटच्या फेरीत गाड्यांचा ढीग होतो, एखादी गाडी छतावर घासत जाते, समालोचक अचानक गप्प होतात आणि मग प्रश्नांची रांग लागते. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः ड्रायव्हर रायन न्यूमनच्या २०२० मधल्या डेटोनाच्या अपघाताची आहेत. चाहते सर्वांत जास्त घाबरले ते तेव्हा, आणि सुरक्षेची जवळजवळ प्रत्येक व्यवस्था त्या एका अपघातात कामाला लागली.

धडकेनंतर ड्रायव्हर ठीक आहे हे कसं ओळखायचं?

गाडीच्या डाव्या खिडकीकडे बघा. ड्रायव्हरच्या बाजूला काच नसते, पट्ट्यांची जाळी असते. गाडी थांबल्यावर ड्रायव्हरने आतून ती जाळी सोडली, तर त्याचा अर्थ ‘मी शुद्धीवर आहे, हात चालतात, घाई नको’. बचाव पथकही आधी तेच पाहतं. जाळी वरच राहिली तर पथक सगळ्यात वाईट शक्यता धरून धावतं. गाडी छतावर पडलेली असेल तर मात्र जाळी खाली आली नाही म्हणून लगेच धसका घेऊ नका. उलटं लटकलेल्या माणसाला ती खिटी सापडणंच अवघड असतं.

मूळ काम वेगळंच होतं. १९७० मध्ये डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटीची गाडी उलटली आणि त्याचं डोकं व हात खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिले. त्यानंतर जाळी सक्तीची झाली. इशाऱ्याचं काम तिला पुढे चिकटलं.

दुसरी खूण म्हणजे रुग्णवाहिका. गाडी स्वतःच्या चाकांवर परत जाऊ शकली नाही, तर ड्रायव्हर ठणठणीत असला तरी त्याला ट्रॅकच्या आतल्या दवाखान्यात जावंच लागतं. म्हणून रुग्णवाहिका दिसली की पोटात गोळा येऊ देऊ नका. ‘तपासून सोडलं’ ही बातमी साधारण थोड्या वेळात येते. थेट बाहेरच्या रुग्णालयात नेलं, तर मामला गंभीर असू शकतो.

न्यूमनच्या अपघातात नेमकं काय झालं?

१६ फेब्रुवारी २०२० ची शर्यत पावसामुळे सोमवारी, १७ तारखेला संपली. शेवटच्या फेरीत ६ क्रमांकाच्या फोर्ड मस्टँगमध्ये न्यूमन पुढे होता. मागून रायन ब्लेनी त्याला ढकलत होता. डेटोनाला हे नेहमीचंच. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी होतो, त्यामुळे मागची गाडी जवळ येते आणि बंपरला बंपर लावून दोघी मिळून वेग वाढवतात. पण हा धक्का जरा बाजूला बसला की पुढच्या गाडीचं शेपूट सुटतं. तेच झालं. न्यूमनची गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळली आणि हवेत उलटली. तेवढ्यात मागून आलेला कोरी लाजॉय थेट तिच्या ड्रायव्हरच्या बाजूवर धडकला. गाडी छतावर घासत, ठिणग्या आणि ज्वाळांसह अंतिम रेषेपलीकडे गेली. डेनी हॅमलिनने ब्लेनीला ०.०१४ सेकंदाने हरवलं.

घातक ठरू शकली असती ती लाजॉयची धडक, भिंतीची नव्हे. उलटलेल्या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे छत आणि खिडकीची चौकट, आणि दुसरी गाडी नेमकी तिथे आली.

मग तो वाचला कसा?

मुख्यतः रोल केजमुळे. ड्रायव्हरच्या भोवती पोलादी नळ्या जोडून हा पिंजरा बनवतात. पत्र्याचं बाहेरचं कवच चेपलं तरी पिंजऱ्यातली जागा शिल्लक राहावी हा उद्देश. न्यूमन पर्ड्यू विद्यापीठाचा वाहनरचनेचा पदवीधर अभियंता आहे. टॅलाडेगाच्या ट्रॅकवर स्वतः उलटल्यानंतर छताच्या मजबुतीबद्दल त्याने अनेकदा जाहीर तक्रार केली होती. नंतर पिंजऱ्याच्या वरच्या भागात एक जादा नळी आली, तिला गॅरेजमध्ये ‘न्यूमन बार’च म्हणतात. ज्याच्या नावाची नळी, त्याच्याच डोक्यावर तिची परीक्षा झाली.

बाकीचं काम खोलगट सीट, पट्टे, डोक्याच्या दोन्ही बाजूंचे आधार आणि हॅन्सने, म्हणजे डोकं धरून ठेवणाऱ्या कॉलरने केलं. त्याच्या डोक्याला मार लागला, पण हाड मोडलं नाही की आतल्या अवयवांना इजा झाली नाही. बुधवारी तो दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडला. १७ मे २०२० ला डार्लिंग्टनला तो पुन्हा शर्यतीत उतरला.

बाहेर काढायला पंधरा मिनिटं का लागली? एवढा वेळ म्हणजे हलगर्जी नाही का?

नाही, उलट आहे. गाडी थांबल्यापासून पहिला बचाव कर्मचारी पोचायला १९ सेकंद लागले आणि डॉक्टर मिनिटाच्या आत तिथे होता. २०१७ पासून नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या प्रत्येक शर्यतीला डॉक्टर आणि पॅरामेडिक पाठलाग करणाऱ्या गाडीत तयार असतात. न्यूमनला बाहेर काढेपर्यंत एकूण १५ मिनिटं ४० सेकंद गेली. त्या वेळात आग विझवायची, सांडलेल्या इंधनाचा बंदोबस्त करायचा, श्वास आणि नाडी पाहायची, गाडी सरळ करायची आणि छत कापायचं असतं.

उलट्या गाडीत माणूस पट्ट्यांवर लटकलेला असतो. पट्टे घाईने सोडले तर तो डोक्यावर पडतो, आणि मानेच्या मणक्याला आधीच इजा असेल तर तिथेच घात होतो. आत आग नसेल आणि श्वास चालू असेल, तर सावकाश काढणं हाच वेगवान उपचार. गच्चीवरून पडलेल्याला चार जणांनी हातापायांना धरून उचलणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते का करू नये, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

काळे पडदे का लावले? म्हणजे वाईटच बातमी ना?

पडदे लावणं हा रुग्णाच्या खासगीपणाचा भाग आहे. छत कापून माणूस बाहेर काढताना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना तिथे काही काम नसतं. पडद्यांवरून निष्कर्ष काढू नका. न्यूमनच्या वेळी पडदे होते, दोन तास अधिकृत शब्द नव्हता, आणि समाजमाध्यमांवर श्रद्धांजल्यासुद्धा सुरू झाल्या. दोन तासांनी आलेल्या निवेदनात प्रकृती गंभीर पण जीवाला धोका नाही, असं सांगितलं होतं.

बातमी येईपर्यंत चाहत्यांनी काय करावं?

संघ, नॅस्कार आणि मुख्य प्रसारक यांच्या अधिकृत खात्यांशिवाय दुसरं काही पुढे पाठवू नका. क्लिप पाठवण्याआधी गाडीचा क्रमांक आणि रंग तपासा. दर मोठ्या अपघातानंतर जुन्या क्लिप ‘आत्ताच’ म्हणून फिरतात. २०२० ची न्यूमनची गाडी ६ क्रमांकाची, ऑगस्ट २०२३ मध्ये दहाहून अधिक पलट्या खाल्लेली रायन प्रीसची गाडी ४१ क्रमांकाची. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या अफवा गळतात.

हॅमलिन जिंकल्यावर टायर जाळत जल्लोष करत होता. हे निर्लज्जपणाचं नव्हतं का?

आमच्या मते नाही. ड्रायव्हरला आरशात जेवढं दिसतं आणि रेडिओवर जेवढं सांगितलं जातं, तेवढंच कळतं. अंतिम रेषेवर त्याच्या मागे काय झालं याची कल्पना हॅमलिनच्या गोटाला विजेत्यांच्या जागी पोचेपर्यंत नव्हती. संघमालक जो गिब्ज यांनी नंतर माफी मागितली. रागावायचंच असेल तर निरोप वेळेवर न पोचवणाऱ्या व्यवस्थेवर रागवा.

गाडी दहा वेळा उलटते आणि माणूस चालत येतो, पण साध्या दिसणाऱ्या धडकेत दगावतो. असं कसं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

शरीराला इजा वेगामुळे होत नाही, वेग किती झटक्यात संपतो त्यामुळे होते. पलट्यांमध्ये ऊर्जा थोडीथोडी जाते. प्रत्येक आपटीत पत्रा फाटतो, चाक तुटतं, माती उडते. दिसायला भयानक, पण थांबायला बरेच सेकंद मिळतात. प्रीसला त्या रात्री रुग्णालयात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं.

आता भिंतीचं गणित बघा. गाडीचा वेग ताशी ३०० किमी आणि भिंतीशी कोन २० अंश धरू. भिंतीच्या दिशेने असलेला वेग ताशी १०३ किमी होतो. तो ३० सेंटिमीटरमध्ये शून्य झाला तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १४० पट बसतो. गाडीचं तोंड चेपून आणि भिंत मागे सरून हेच अंतर ८० सेंटिमीटर मिळालं, तर तोच झटका ५२ पटीवर येतो. गाडी तीच, वेग तोच, फरक फक्त अर्ध्या मीटरचा. या खेळातली जवळजवळ सगळी सुरक्षा म्हणजे तो अर्धा मीटर मिळवण्याची खटपट.

१८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट चौथ्या वळणावर काँक्रीटच्या भिंतीवर गेला. पाहणाऱ्या अनेकांना वाटलं की तो आता उतरून चालत येईल. त्याच्या कवटीचा तळ फुटला होता, आणि तो दगावला.

‘कवटीचा तळ फुटणं’ म्हणजे काय? हॅन्स ते कसं थांबवतं?

पट्ट्यांनी धड जागीच अडकतं, डोकं मात्र पुढे जातच राहतं. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरा. ५० पट झटक्यात ते सव्वातीनशे किलो वजनासारखं ओढतं आणि सगळा ताण मान आणि कवटीच्या जोडावर येतो. तिथे हाड तडकलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आणि मज्जारज्जू धोक्यात येतात. २००० साली ॲडम पेटी आणि केनी अर्विन हे दोघं न्यू हॅम्पशायरच्या एकाच वळणावर, दोन महिन्यांच्या अंतराने दगावले, तेही अशाच इजेने.

हॅन्स म्हणजे खांद्यांवर बसणारी कडक कॉलर. ती खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबलेली असते आणि तिच्यातून निघणाऱ्या दोऱ्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अडकवतात. धड थांबलं की डोकंही जवळजवळ त्याच क्षणी थांबतं आणि मानेवरचा भार दोऱ्यांवर जातो. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा मेहुणा, रेसर जिम डाउनिंग यांनी हे साधन १९८० च्या दशकात तयार केलं. म्हणजे २००१ मध्ये ते बाजारात होतंच. अनेक ड्रायव्हरांना ते अडचणीचं वाटे. अर्नहार्ट तर अखेरपर्यंत चेहरा उघडा ठेवणारं हेल्मेट वापरत होता. ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लटला एआरसीए या दुसऱ्या स्टॉक कार मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर दगावल्यावर नॅस्कारने हॅन्ससारखं डोकं-मान आवरणारं साधन सक्तीचं केलं. अर्नहार्टनंतर नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

सेफर बॅरिअर म्हणजे रबरी भिंत का?

रबर नाही. काँक्रीटच्या भिंतीपुढे चौकोनी पोलादी नळ्यांची दुसरी भिंत असते आणि दोहोंच्या मध्ये थर्मोकोलसारख्या फोमचे ठोकळे. गाडी आदळली की पोलाद मागे सरतं, फोम चिरडतो, आणि वर सांगितलेल्या त्या जादा अर्ध्या मीटरातला भिंतीचा वाटा मिळतो. पोलादाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे गाडी रुतत नाही, घसरत पुढे जाते. टायरच्या ढिगाऱ्यात गाडी रुतते किंवा उसळून ट्रॅकवर परत येते, म्हणून अंडाकृती ट्रॅकवर टायर चालत नाहीत. नेब्रास्का विद्यापीठात महामार्गांच्या कठड्यांवर काम करणाऱ्या डीन सिकिंग यांच्या पथकाने हे बनवलं. २००२ मध्ये इंडियानापोलिसला ते पहिल्यांदा बसलं.

गाडी तिथे जाणारच नाही, असं समजून काही भिंती उघड्या ठेवल्या होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये काइल बुश डेटोनाच्या आतल्या उघड्या काँक्रीटवर गेला, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं. अकरा शर्यती बुडाल्या, तरी परतून त्या वर्षीचं विजेतेपद त्यानेच घेतलं. त्यानंतर ट्रॅकवाल्यांनी उरलेल्या भिंती झाकायला घेतल्या.

एवढी जड गाडी उडते कशी?

सरळ जाताना हवा गाडीला खाली दाबते. गाडी गिरकी घेऊन शेपटाकडून पुढे जाऊ लागली किंवा आडवी झाली की तोच आकार पंखासारखा उचलू लागतो. दीड टनाची गाडी ताशी ३०० किमीवर उचलायला एवढं पुरतं. १९९३ मध्ये रस्टी वॉलेस डेटोना आणि टॅलाडेगा दोन्हीकडे उडाला, आणि १९९४ पासून छतावर झडपा आल्या. एरवी त्या बंद असतात. गाडी फिरली की छतावरचा हवेचा दाब कमी होतो, त्यानेच झडपा आपोआप उभ्या राहतात आणि उचल मोडतात. मोटर नाही, सेन्सर नाही.

झडपांवर मात करतं ते गवत. आडवी घसरणारी गाडी डांबरावरून गवतावर गेली की चाकं रुततात आणि गाडीचं तोंड किंवा बाजू वर होते. प्रीसचं तसंच झालं, म्हणून डेटोनाच्या मागच्या सरळ पट्ट्यावरचं गवत काढून तिथे डांबर टाकलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा गाड्या उलटल्यावर आणखी हवारोधक भाग जोडले. हा प्रश्न सुटलेला नाही.

मग सरळ वेगच कमी का करत नाहीत?

केला आहे. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किमी वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढचं कुंपण फाडत गेली. पुढच्या वर्षापासून इंजिनात जाणारी हवा रोखणारी छिद्रांची प्लेट आली. तिने वेग उतरला, पण सगळ्यांच्या गाड्या सारख्याच झाल्या. कुणीच सुटून पुढे जाऊ शकत नाही, चाळीस गाड्या एका झुंडीत धावतात, आणि एक चुकला की वीस जण अडकतात. न्यूमनच्या अपघातानंतरही हाच उपाय थोडा आवळला. छिद्रांचा व्यास २३.४ वरून २२.६ मिमी झाला, मागच्या बंपरवर घसरती टेप चिकटवली म्हणजे ढकलणं अवघड जावं, आणि पिंजऱ्यात जादा नळ्या व पत्रा आला. झुंड तशीच राहिली. खरं बोलायचं तर प्रेक्षक तिकीट काढतात ते त्या झुंडीसाठीच.

नॅस्कारने २०२२ मध्ये आणलेली नवी गाडी जास्त सुरक्षित आहे ना?

वरून आणि बाजूने, हो. मागून धडक बसल्यावर मात्र सुरुवातीला नव्हती. मागचा सांगाडा इतका ताठ होता की तो चेपायच्या ऐवजी झटका सरळ सीटपर्यंत पोचे. जुलै २०२२ मध्ये पोकोनोच्या पात्रता फेरीत कर्ट बुश मागच्या बाजूने भिंतीवर गेला. मेंदूला बसलेल्या त्या धक्क्यामुळे त्याची पूर्णवेळ कारकीर्द संपली. सप्टेंबरमध्ये टेक्सासला ॲलेक्स बोमनलाही तसाच मार बसला. २०२३ साठी मागचा सांगाडा मुद्दाम कमकुवत केला. दिसायला किरकोळ असलेल्या मागच्या धडकेनंतर ड्रायव्हर डोकं धरून बसला, तर हसू नका.

आगीपासून कपडे किती वेळ वाचवतात?

लेबलवर एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा साधनांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ३.२ए आणि पुढे आकडा असतो. ३.२ए/१ म्हणजे दुसऱ्या दर्जाचं भाजायला सुमारे ३ सेकंद, /५ म्हणजे १० आणि /२० म्हणजे ४० सेकंद. इंधनाची टाकी म्हणजे फोम भरलेली लवचिक पिशवी असते. १९६४ मध्ये फायरबॉल रॉबर्ट्स शार्लटला भाजून पुढे दगावला, त्यानंतरच्या कामातून ती आली.

स्टँडमध्ये बसलेल्यांना धोका असतो का?

असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये डेटोनाला काइल लार्सनची गाडी कुंपणावर गेली. इंजिन आणि चाक आत घुसून तीसेक प्रेक्षक जखमी झाले. जुलै २०१५ मध्ये ऑस्टिन डिलनची गाडी त्याच ट्रॅकवर कुंपणात उडाली, तेव्हा कुंपणाने बहुतेक भार झेलला आणि प्रेक्षकांना किरकोळ इजा झाल्या. त्या वेळी दुसऱ्या संघांचे मेकॅनिक धावत गाडीकडे गेले होते, आणि डिलनने हात उंचावल्यावर स्टँडमधून जो आवाज उठला तो अजून आठवणारे चाहते आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जाऊन शर्यत बघणार असाल तर तळच्या रांगा टाळा. वरून सगळा ट्रॅकही दिसतो.

भारतात हे काय कामाचं?

आपल्याकडे अंडाकृती ट्रॅकची स्टॉक कार शर्यत नाही. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेत उतरला होता आणि भारतीयांच्या ऑनलाइन मतांवर त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. पण कोइम्बतूर किंवा चेन्नईला ट्रॅक डेसाठी, म्हणजे ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, गाडी नेणारे मराठी लोक वाढताहेत, आणि चुका ठरलेल्या असतात.

साध्या गाडीत चार टोकांचा रेसिंग पट्टा बसवू नका. मांड्यांमधली पट्टी नसल्याने कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. शिवाय पिंजरा नसताना छत चेपलं तर पट्ट्याने ताठ बांधलेल्या माणसाला वाकायला जागा उरत नाही. कंपनीचा तीन टोकांचा पट्टा आणि एअरबॅग हेच बरं. पिंजरा, खोलगट सीट, सहा टोकांचे पट्टे आणि हॅन्स हे चारही एकत्र घ्या, नाहीतर एकही नको.

हे सगळं बसवलंच असेल, तर क्रम असा: पाठ सीटला पूर्ण टेकवा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर ठेवून आधी तोच कच्चून ओढा, मग मांडीच्या पट्ट्या, आणि शेवटी हॅन्सवरून खांद्याचे पट्टे. खांद्याच्या पट्ट्यांची मागे अडकवायची जागा खांद्याच्या पातळीत किंवा त्याखाली २० अंशांपर्यंत असावी. त्याहून खाली गेली तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो. ताठ बसायच्या गाडीत २० अंशांचं हॅन्स लागतं, फॉर्म्युला गाडीत ३० अंशांचं. दोऱ्या अडकवल्यावर मान दोन्हीकडे वळवून आरसे दिसतात का ते पाहा. एसएफआयच्या पट्ट्यांची मुदत बनवल्यापासून दोन वर्षं असते, एफआयएच्या (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) पट्ट्यांची पाच. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, आतला फोम एकदा चेपला की बाहेरून कळत नाही. आणि डोळे मिटून, घड्याळ लावून, गाडीतून बाहेर पडायचा सराव करा.